शिवणीतली माया

३ मार्च

पलंग दिसेनासा झालाय! नातीनं घरातली सगळी कपाटं उपसून माझ्या खोलीत ढीग घातला. तिची आई लग्नाआधी घालायची ते झगे, बापाचे कॉलर विरलेले शर्ट, माझे दोन कोट, ह्यांची चौकड्यांची पँट – हे जाऊन इतकी वर्षं झाली, पँट अजून उभी आहे. आणि ढिगाशेजारी कमरेवर हात ठेवून ही म्हणते, "आजी, या वसंतात एकही नवा कपडा घ्यायचा नाही. जे आहे त्यातूनच सगळं करायचं. तू आणि मी."

"का गं? दुकानं जळाली का?"

मग भाषण. एका शर्टाच्या कापसाला केवढं पाणी लागतं, रंगानं नद्या कशा नासतात, फेकलेल्या कपड्यांचे डोंगर कुठे साठतात. लहानपणापासून आम्ही हिला वकिलीण म्हणतो. आता कॉलेजात जाते, म्हणजे वरचं कोर्ट. मी म्हटलं, "बाई, आम्हीही फाटेपर्यंत वापरायचो. पण आम्हाला कुणी शहाणं म्हटलं नाही. गरीब म्हणायचे."

हे मोबाइलचं तिनंच शिकवलं. मी बोलायचं, तो लिहितो, वर तारीखही आपली आपण घालतो. तिला शपथ घातलीय, उघडायचं नाही. आणि मला तर अक्षरच येत नाही, माझं मलाही वाचता यायचं नाही. याहून खासगी रोजनिशी कुणाची असेल! म्हणाली, "वाक्य संपलं की पूर्णविराम म्हणायचं, आजी." मी म्हटलं, माझ्या वयात तो शब्द उठता-बसता तोंडातून काढू नये.

४ मार्च

मशीनला तेल घातलं. आधी कुरकुरली, मग चालली. आम्ही दोघी सारख्याच.

७ मार्च

पहिला मान सूनबाईच्या निळ्या झग्याला. पोरीला स्टुलावर उभी केली, टाचण्या तोंडात धरल्या. माझ्या तोंडात टाचण्या असल्या की घरातल्या सगळ्यांना माझ्याशी बोलायला फार आवडतं. उलट उत्तर येत नाही ना!

कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत जन्म गेला माझा. गिऱ्हाइकाला सैल झालं, घट्ट झालं, लांब पडलं, ते ठीक करून द्यायचं. टेपवरचे आकडे वाचता येत नाहीत. बोटांनीच मोजते. दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घेतला, झगा असा बसला की बघत राहावं.

पण वकिलीणबाईंची तक्रार. "आत टोचतंय, आजी. उरलेलं कापून टाक ना."

"कापायचं नाही. ती माया आहे."

"कसली माया?" हसायला लागली. मग समजावलं. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, ती माया. माणूस काही जन्मभर एका मापाचं राहत नाही. उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता आलं पाहिजे. मायाच ठेवली नाही, तर झगा त्या एका मापाला मेला म्हणून समज.

"म्हणजे सस्टेनेबल!" पोरीनं टाळी वाजवली.

"असेल बाई. आम्ही माया म्हणायचो."

१४ मार्च

दुकान पुन्हा उघडलं की काय! तिच्या दोन मैत्रिणी आल्या. एकीनं भावाचं जाकीट आणलं, दुसरीनं आजीचा कोट. "भावाला विचारलंस का?" म्हटलं, तर म्हणे, "तो शोधेल तेव्हा सांगू." मजा आली. पोरीनं निळ्या झग्यात फोटो काढले. खालच्या मजल्यावरची पार्लरवाली जिन्यात भेटली, तिनं तर हिला गोल फिरवूनच बघितलं. "काय सडपातळ दिसायला लागलीस गं! करतेस तरी काय?" पोर लाजली.

एवढंच, की झगा खांद्यावरून घसरत होता. मागच्या आठवड्यात तर बरोबर बसवलेला. जुनं कापड धुऊन सैल पडतं कधीकधी. उद्या बघते.

१५ मार्च

कापड नाही सैल पडलं.

१९ मार्च

आता तिच्या ताटाकडे बघायला लागले, तेव्हा दिसलं. पावाचे तुकडे करते, मग तुकड्यांचे तुकडे. सूप ढवळत राहते. आणि बोलते एवढी, की कुणाचं लक्ष ताटाकडे जातच नाही. तिचं अंडं बापाच्या ताटात गेलं – "बाबा, तुला आवडतं ना?" – आणि हा खातो!

लेकाला बाजूला घेतलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर कुठल्या तरी इमारतीच्या पोटात असतो. "तुझी पोर जेवत नाही," म्हटलं.

"कॉलेजात खाते ती, आई."

"काय खाते?"

"आता ते मला काय माहीत? या वयात मुली होतातच बारीक. तू पण ना!"

मग सूनबाई. शाळेत शिकवते, परीक्षेचे गठ्ठे मांडून बसली होती. झगा उलटा करून तिच्यापुढे धरला. "ही पहिली शिवण. ही दुसरी. आणि ही कालची."

"अहो आई, मी घालायचे तेव्हा चांगली गुटगुटीत होते!" हसली. मग लाल पेन खाली ठेवून म्हणाली, "आणि उलट बरंय ना? बाहेरचं अरबट-चरबट सोडलंय तिनं."

तिला काय बोलणार? बाहेरून बघावं तर झगा सुरेख बसलाय. मीच बसवलाय! पोर जेवढी झडते तेवढं मी कापड आत ढकलते, आणि बघणारे म्हणतात वा. आत माया वाढत चाललीय, पोर कमी होत चाललीय.

२३ मार्च

आज राखाडी स्कर्ट. कमरेपाशी चिमटीत धरला, तर निम्मा माझ्याच हातात.

"सकाळी काय खाल्लंस?"

"सफरचंद."

"अख्खं?"

तिनं स्कर्ट माझ्या चिमटीतून ओढून घेतला.

"तुटलेलं बटणसुद्धा टाकू देत नाहीस मला," मी म्हटलं. "काही वाया जायला नको म्हणतेस. आणि स्वतःला अशी उधळतेस होय?"

"आजी, तू फक्त टाके घाल ना."

तोंडात एकही टाचणी नव्हती, तरी बोलता आलं नाही. मग म्हटलं, नाही घालत, जा! तर म्हणते, "नको घालूस. मी पिना लावीन." लावेल हो. एवढ्याशा अंगात हट्ट मात्र पुरेपूर मापाचा.

घातले टाके. काय करू?

२६ मार्च

युक्ती सुचली!

आमच्या वेळी आजारातून उठलेली बाई रस्त्यात भेटली, की लोक म्हणायचे, "अंग भरलं हो तुमचं!" ते ऐकून ती घरी जाऊन दोन घास जास्त खायची. आणि ही पोर आरशात काय बघते? खुंटीला टांगल्यासारखे कपडे. खायची वासना होणार कशी? तेव्हा आज निळा झगा गरजेपेक्षा बोटभर जास्त आत घेतला, दोन्ही बाजूंनी. अंगावर गच्च बसेल. पोरीला वाटेल, अगंबाई, भरले की मी! खूश होईल. भूक लागेल.

म्हातारीचं डोकं अजून चालतं तर.

२७ मार्च

चेन वर येईना. मी दारात उभी, हसू दाबून. तिनं पोट आत घेतलं, पुन्हा ओढली. कशीबशी लागली. आरशात समोरून बघितलं, मग बाजूनं.

मी म्हटलं, "भरलीस गं!" होय, मीच म्हटलं. मोठ्यानं. कौतुकानं.

झगा ओरबाडून काढला, जमिनीवर टाकला, दार लावून घेतलं. दुपारी जेवली नाही. संध्याकाळीही नाही. दाराबाहेरून म्हटलं, "अगं, थोडं सूप तरी घे." आतून आवाज आला, "तूच बोललीस ना सकाळी? मग आता कशाला?"

हा मोबाइल सगळं लिहितो. हेही लिहितोय. पुसायचं कसं, ते मात्र मला कुणी शिकवलं नाही.

२९ मार्च

खरं सांगून टाकलं. "झगा मीच बोटभर जास्त घेतला होता. मुद्दाम. तू नाही गं भरलीस."

"खोटं."

"तुझी शपथ!"

"आजी, तुझा हात कधी चुकत नाही. सगळी बिल्डिंग म्हणते. मला बरं वाटावं म्हणून सांगतेस तू."

तिच्यासमोर झगा उसवला. आधीच्या टाक्यांची भोकं दाखवली, नंतरच्या टाक्यांची दाखवली. नीट बघितलं तिनं, आणि म्हणाली, "उसवल्यावर सैल होणारच ना?" झाला निकाल!

जन्मभर मिरवलं, हिचा हात चुकत नाही म्हणून. आता ओरडून सांगतेय चुकला, चुकला, तर कुणी मानत नाही.

३१ मार्च

आज नुसतं पाणी. मी बघत बसले. बघणं एवढंच काम उरलंय मला.

२ एप्रिल

कॉलेजच्या जिन्यात पडली.

सूनबाई परीक्षेच्या वर्गातून धावली. लेक तसाच आला, कोपरापर्यंत ग्रीस. दवाखान्यात तिला तो पाठीमागे बांधायचा झगा घातलेला. दोन पोरी मावल्या असत्या त्यात. माझा हात आपोआप पुढे गेला, जास्तीचं कापड चिमटीत धरायला. मागे घेतला.

डॉक्टरीण म्हणाली, हृदय फार हळू चाललंय. उशीर झाला असता तर... मग विचारलं, "हे केव्हापासून चाललंय?" लेक सूनबाईकडे बघतो, सूनबाई लेकाकडे. मग दोघं माझ्याकडे.

४ एप्रिल

दवाखान्याच्या बाकावर सूनबाईला सगळं सांगितलं. घट्ट झगा, "भरलीस गं", सगळं. म्हटलं, बोल मला. शिव्या दे.

ती म्हणाली, "आई, तुम्ही शिवणी दाखवल्यात ना, तेव्हाच कळलं होतं मला. कळून घ्यायचं नव्हतं."

दोघी तशाच बसलो. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

११ एप्रिल

घरी आणून चार दिवस झाले. डॉक्टरिणीनं आम्हालाच औषध दिलंय – गप्प बसा. कपड्यांचं बोलायचं नाही, अंगाचं बोलायचं नाही, चांगलं नाही, वाईट नाही. तिची मापं घेणं बंद. मशीन कोपऱ्यात ढकलली, वर चादर घातली.

जेवायला चौघं एकदम बसतो. तिचं ताट संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. ती रडते, पाव हातात धरून बसते. सूनबाई तिच्या खुर्चीला खुर्ची लावून. लेक लिफ्टचे किस्से सांगतो – एक शेठ दोन मजल्यांमध्ये अडकला नि देवाला नवस बोलायला लागला. रोज तोच शेठ. कालपासून तो नवसात बायकोही देऊन टाकतो. पोर एकदा हसली. घास मात्र तोंडातच.

आणि मी? मला येतं काय? सैल असेल तर आत घ्या, घट्ट असेल तर उसवा. हिला कुठून उसवू?

१६ एप्रिल

खिडकीबाहेरचं झाड हिरवंगार झालं. ज्या वसंतासाठी एवढा ढीग उपसला, तो आला. पोर बापाच्या जुन्या स्वेटरमध्ये, गळ्यापर्यंत.

तिला जरा खाली फिरवायला नेलं, तर जिन्यात पार्लरवाली. "अगं, चेहरा भरला की –"

मी तिच्या पायावर पाय दिला. जोरात. बिचारी कळवळली! "आजी, काय हो हे?" वय झालं, दिसत नाही, म्हटलं. तिचा काय दोष? ती कौतुकच करत होती. मीही कौतुकच केलं होतं.

संध्याकाळी अर्धं ताट तसंच राहिलं. लेकाचा शेठ अडकला, सुटला, पुन्हा अडकला. उपयोग नाही.

२० एप्रिल

पेलाभर दूध संपवलं. उद्याचं माहीत नाही.

२१ एप्रिल

नाही संपवलं.

२५ एप्रिल

पोर राखाडी स्कर्ट घेऊन खोलीत आली. मशीनवरची चादर तिनं स्वतः काढली. म्हणाली, "आजी, याचा हूक काढ. नाडी घाल."

मी डॉक्टरिणीला भिऊन हात मांडीखाली दाबले.

"माप नकोच आहे," ती म्हणाली. "नाडीला कुठे माप लागतं?"

खरंय. म्हणजे ती कमी होते की भरते, ते यापुढे माझ्या बोटांना कळायचं नाही. गाठ तिची ती मारणार – आवळून की सैल, तिचं तिलाच ठाऊक.

घातली. लांब ठेवली, दोन्ही टोकं गुडघ्यापर्यंत लोंबतील एवढी.

"एवढी कशाला गं, आजी?"

असू दे, म्हटलं.