चारशे सतरा नंबरचं कार्ड

जारो, इलोइलो
१४ जानेवारी २००७

ती. मानांग हिस,
धाकट्या भावाचा, तोतोचा, थोरल्या बहिणीस सा. न. वि. वि.

तुझा खोका नाताळच्या आदल्या दिवशी पोचला. नानायने कॉफीच्या बाटल्या मोजून कपाटात कुलपात ठेवल्या, आपली आईच ती. तिचे गुडघे दुखतात, पण मासळीबाजारात भाव पाडताना ते दुखत नाहीत असं शेजारच्यांचं म्हणणं आहे.

आता मुद्द्याचं. मला स्वतःचा कॉम्प्युटर जुळवायचा आहे. कॉलेजातले ड्रॉइंगचे सर म्हणतात की घरी मशीन नसेल तर पुलाचे नकाशे जन्मात जमायचे नाहीत. तयार मशीन परवडत नाही, म्हणून सुटे भाग घेऊन घरीच बसवणार. गेला महिनाभर रोज उय यांच्या सुट्या भागांच्या दुकानात जाऊन उभा राहतो. त्यांनी परवा विचारलं की काही विकत घेणार आहेस की माझ्या पोरीला बघायला येतोस.

प्रोसेसर मधल्या दर्जाचा चालेल. रॅम आत्ता एकच पट्टी, दुसरी पुढे. पडदा जुना, बंद पडलेल्या इंटरनेट कॅफेतला मिळतोय, कोपऱ्यात ओरखडा आहे. पॉवर सप्लाय स्वस्तातला घेणार होतो, तर उय रागावले. म्हणाले, तिथे कंजूषपणा केलास तर बाकी सगळं एका दुपारी जळेल. सगळीकडे काटकसर करता येते, फक्त ग्राफिक्स कार्डात नाही. आणि नेमकं तेच सगळ्यात महाग. हे कार्ड तुमच्याच कारखान्यात बनतं ना? कामगारांना सवलतीत मिळतं असं तू मागे लिहिलं होतंस. सोबत यादी जोडली आहे.

तुझ्या लोभातला,
नेल्मार

ताओयुआन
४ फेब्रुवारी २००७

चि. तोतो यास,
अ. उ. आ.

तुझी यादी मी आमच्या लाईनच्या मुख्य ल्यू मॅडमना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली आणि विचारलं की तुझा भाऊ पूल बांधतो की उडवतो. सरळ रेषा काढायला असलं कार्ड लागत नाही, हे लढायांचे खेळ खेळणाऱ्यांचं, असं त्या म्हणाल्या. सगळी लाईन हसली. मीही हसले, न हसून सांगते कोणाला?

मी इथे परदेशातल्या कारखान्यात काय करते ते तुला नीट कधी लिहिलं नाही. भिंगाच्या दिव्याखाली एकेक कार्ड येतं. त्यावरचे सोल्डरचे डाग, म्हणजे भाग जोडणाऱ्या धातूचे ठिपके, तपासायचे. एका कार्डाला अठरा सेकंद. डाग चकचकीत असला तर चांगला, मळकट आणि दाणेदार असला तर बाजूला. जेवायच्या सुट्टीतसुद्धा भातावर डाग दिसतात. शेजारची विल्मा म्हणते, आपल्याला स्वर्गातही सेंट पीटर भिंग हातात देऊनच आत घेईल.

कार्ड मी घेतलं. पगारातून तीन महिने कापून जाईल. विल्मा सुट्टीवर घरी येतेय, तिच्याबरोबर पाठवते. आमच्या लाईनचंच मागून घेतलं. खोक्यातल्या चिठ्ठीवर ४१७ असा शिक्का दिसेल, तो माझा. म्हटलं, भावाच्या हातात जायचं तर माझ्या नजरेखालून गेलेलंच जावं.

खेळायचं असलं तर खेळ. मी काही म्हातारी नाही, एकतीस वर्षांची आहे. पण मला खरं लिही. ताताय गेला आणि बापाविना घरात दोघांपैकी एकानेच शिकावं असं ठरलं तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. हे सुनावायला लिहीत नाही. खोटं ऐकायला मी इथे आलेली नाही, एवढंच.

नानायला जप. माया आहे तेवढी राहू दे.
मानांग

जारो, इलोइलो
११ मार्च २००७

ती. मानांग हिस,
सा. न. वि. वि.

कार्ड मिळालं. विल्मामानांगने स्वतः आणून दिलं आणि नानायच्या हातचा ताटभर भात खाऊन गेली.

तू खरं लिही म्हणालीस, म्हणून लिहितो. मी ऑक्टोबरात कॉलेज सोडलं. तू दुसऱ्या सत्राची फी पाठवलीस तिच्यातूनच बाकीचे भाग आले. सर काही म्हणाले नव्हते. ते मला ओळखतही नाहीत.

आमचा त्याच लढायांच्या खेळांचा, पाच जणांचा संघ आहे. मे महिन्यात बाकोलोदला मोठी स्पर्धा आहे, आपापली मशीनं घेऊन जायचं. जिंकलो तर मनिलाला जायचं आणि तिथून पुढे पगारावर खेळणारे संघ आहेत. हे स्वप्नरंजन नाही, आमच्याच गल्लीतला एक जण आज तेच करतो.

मशीन रविवारी जुळवलं. मदरबोर्डवर प्रोसेसर बसवताना श्वास रोखून धरला होता. पहिल्यांदा बटण दाबलं तर काहीच झालं नाही. रॅमची पट्टी नीट बसली नव्हती. मग पंखा फिरला आणि मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. नानाय खुर्ची ओढून बसली. बराच वेळ बघून तिने विचारलं की यात आपली माणसं कुठली आणि मारतंय कोण. मी सांगितल्यावर म्हणाली, मग लवकर मार आणि जेवायला ये.

तू चिडशील. पण तातायच्या शवपेटीशेजारी उभं राहून तू आणि नानायने ठरवलंत की मी इंजिनिअर होणार. मी अकरा वर्षांचा होतो. मला पूल बांधायचे आहेत का, हे नऊ वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस. दर महिन्याला पैसे आले, प्रश्न आला नाही.

तुझा,
नेल्मार

ताओयुआन
८ एप्रिल २००७

नेल्मार,

आशीर्वाद आहेतच, ते काही फीसारखे परत मागता येत नाहीत.

मी विचारलं नाही, हे खरं आहे. मलाही कोणी विचारलं नव्हतं. फरक इतकाच की मी खोटं न बोलता गेले.

तुझी फी भरली म्हणून ऑक्टोबरपासून मी इथल्या मुलींना सांगत होते की माझा भाऊ चौथ्या वर्षाला जाणार. कामाची पाळी संपल्यावर आणखी चार तास थांबायचे ते त्याच भरवशावर. एकीने तर तिच्या बहिणीसाठी तुझा फोटो मागितला होता. तिला आता काय सांगू याचा विचार करतेय.

जिंक. एवढं केलंस तर निदान जिंक. यापुढे पैसे नानायच्या नावाने येतील आणि पत्रंही तिलाच लिहीन.

मानांग

जारो, इलोइलो
२७ मे २००७

मानांग,
सा. न.

तू वाचणार नसलीस तरी लिहितो.

बाकोलोदला जाताना बोटीत मशीन मांडीवर घेऊन बसलो होतो. पहिली फेरी आम्ही सहज जिंकलो. दुसऱ्या फेरीत ऐन रंगात पडद्यावर हिरवे-जांभळे पट्टे आले आणि सगळं काळं झालं. पुन्हा चालू केलं, पुन्हा काळं. चौघे किती वेळ लढणार? मी मागे उभा राहून त्यांना मरताना पाहिलं. परतीच्या बोटीत संघातला बोबोय म्हणाला की दुकानातून घेतलं असतंस तर बरं झालं असतं.

उय यांच्याकडच्या कारागिराने कार्ड भिंगाखाली धरलं आणि मलाही दाखवलं. कडेच्या एका रांगेत ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड, होतं. मळकट, दाणेदार, अगदी तू लिहिलं होतंस तसंच. तो म्हणाला, हे तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं, तपासणारा झोपला होता की काय. तक्रारीच्या फॉर्मवर तपासनिसाचा नंबर भरायची जागा होती. ती रिकामी सोडली तरी चालेल असं उय म्हणाले. मी ४१७ लिहिलं.

चुकून लिहिलं नाही. तू मला इतक्या तोऱ्याने पत्र पाठवलंस आणि कार्ड असलं. मला वाटलं, एकदा तुलाही कळू दे.

नेल्मार

ताओयुआन
२४ जून २००७

चि. तोतो यास,
आशीर्वाद.

तुझा फॉर्म इथे पोचला. ल्यू मॅडमनी तो माझ्यासमोर ठेवला. मला इंग्रजी मजकूर वाचावा लागला नाही. ४ हा आकडा तू लहानपणापासून वरचं तोंड उघडं ठेवून काढतोस, तो मी लगेच ओळखला. त्यांनी विचारलं की हा तुझाच भाऊ ना, यादीवाला. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, दुसऱ्या कोणाची तक्रार असती तर खणात घातली असती, पण घरच्याच माणसाने लिहिलंय म्हणजे खरंच असणार.

मग डोळे तपासायला नेलं. दर सहा महिन्यांनी नेतातच. भिंतीवरची अक्षरं मला दोन वर्षांपासून पाठ होती, रांगेत पुढच्या मुली मोठ्याने वाचतात ना. या वेळी डॉक्टरांनी तक्ता बदलला होता. डाव्या डोळ्याने मला तक्ता कुठे टांगलाय तेही सांगता आलं नाही. उजवा त्याच वाटेवर आहे. कारागिराला सांग, तपासणारी झोपलेली नव्हती.

कारखान्याने माझा करार संपवला. चौदा महिने बाकी होते. मी तुझ्यावर चिडले होते तशी आता चिडत नाही. ते खराब कार्ड माझ्या हातून गेलं, तू नुसता नंबर लिहिलास. पण आणखी चौदा महिने मला भिंतीवरची अक्षरं पाठ करता आली असती, हे तुला माहीत असावं.

बदली कार्ड कारखान्याने दिलंय, माझ्या बॅगेत आहे. व्हिएतनामची एक एकोणीस वर्षांची मुलगी माझ्या जागी बसली आहे, तिने तपासलं. नजर चांगली आहे तिची. लावायचं की विकायचं ते तू ठरव. मी विचारते आहे असं समज.

नानायला डोळ्यांचं सांगू नकोस. सुट्टीवर आले म्हणेन.

तीन जुलैला संध्याकाळी विमान उतरतं. लोभ ठेव असं शेवटी लिहायची आपली रीत आहे. तो असो वा नसो, तू विमानतळावर ये. उजेड कमी झाला की मला पायऱ्या दिसत नाहीत.

तुझी,
मानांग