तळाला ठेवलेलं भोक

९ एप्रिल, बुधवार
अंगणातला पोहण्याचा पूल पुन्हा दोन बोटं खाली. परवाच भरला होता. क्लोरीन बरोबर, पीएच ७.६, पाणी इतकं स्वच्छ की तळाच्या टाइल्सचा प्रत्येक सांधा मोजून घ्यावा. पण कमी होतंय. दिनेश म्हणाला, उन्हाळा आहे, आटतं. माझ्या नवऱ्याकडे एप्रिल-मेमध्ये सगळ्याला हे एकच उत्तर असतं.
या घरात माझ्या बीएस्सी केमिस्ट्रीचा उपयोग एवढाच: पूलमध्ये पावडर किती टाकायची ते मला विचारतात. नाही म्हणायला मान आहे.
आमच्या लेकीची, सायलीची, हळद १२ मेला. मांडव पूलभोवतीच. दिनेशचं आख्ख्या बोनकोडे गावाला सांगून झालंय.

१२ एप्रिल, शनिवार
बादली लावली होती. पूलच्या पायरीवर बादली ठेवायची, आत दगड, आत-बाहेर पाण्याची पातळी सारखी. ऊन दोन्हीकडचं पाणी सारखंच खातं. तीन दिवसांत बादली अर्धं बोट उतरली, पूल चार बोटं. म्हणजे गळती. दिनेशला दाखवलं. बघतो म्हणाला.
एक विचित्र गोष्ट. आज अकरा ते दोन पूल जराही उतरला नाही. बाबांना सांगितलं. सासरे एक्याऐंशीचे, अर्धा जन्म मिठागरात गेला. घड्याळ बघत नाहीत, तिथी बघतात. म्हणाले, "आज पुनव. बाराला भरती. भायेरचं पानी वर आयलं, म्हनून आतलं जात नाय."
खाडी कुठे, आपण कुठे, मी म्हटलं. मध्ये रस्ता, केवढ्या बिल्डिंगा.
"बिल्डिंगी वरती हायेत, गो."

१९ एप्रिल, शनिवार
हे लिहून ठेवते, कारण बोलणार नाहीये.
सहा वर्षांपूर्वी पूल खणला तेव्हा बाबा कॉन्ट्रॅक्टरशी भांडले होते. तळाला एक भोक ठेवायला लावलं, वर झाकण, फक्त आतल्या बाजूला उघडणारं. पूल भरलेला असला की पाण्याच्या वजनाने ते बंदच. रिकामा केला आणि जमिनीतलं पाणी वर आलं, तर झाकण आपोआप उचलून ते आत येणार. नाहीतर खालचं पाणी आख्खी टाकी उचलतं. ही मिठागराची अक्कल, असं तेव्हा सगळे हसून म्हणाले. मीसुद्धा.
गेल्या दिवाळीत मला वाटलं, गळतंय ते तिथूनच. सलीमभाई दर शनिवारी पूल साफ करायला येतात. त्यांच्याकडून ते भोक पाण्याखाली घट्ट होणारा मसाला भरून बुजवून घेतलं. वर टाइल. घरात कोणाला सांगितलं नाही, बाबांनी घर डोक्यावर घेतलं असतं. गळती थांबली नाही ती नाहीच.
आज दिनेशने जाहीर केलं, हळदीआधी पूल रिकामा, भेग शोधू, नव्या निळ्या टाइल्स. बाबांनी विचारलं, "तलाचं भोक हाय ना उघडं?" दिनेश म्हणाला, असणारच. मी चहा गाळत होते. गाळत राहिले.

२४ एप्रिल, गुरुवार
दोन पंप लावले. सकाळपासून घरघर. दुपारी तळ दिसला. रिकामा पूल एवढा खोल असतो हे मी विसरले होते.
भेग सापडली. बाबांच्या खोलीच्या बाजूला, भिंत आणि तळ जिथे मिळतात तिथे. हातभर लांब. सलीमभाईंनी आत तार घातली. तार जात राहिली, जात राहिली. आख्खी तार आत जाऊन हात भिंतीला टेकला तरी पलीकडे काही लागेना.
"भाभी, अंदर मिट्टी नहीं है."
म्हणजे इतके महिने पूलचं पाणी बाबांच्या खोलीखालची माती धुऊन नेत होतं. आणि मी वरून क्लोरीन मोजत होते.

२५ एप्रिल, शुक्रवार
भेगेतून ओल. दुपारपर्यंत तळाला ताटाएवढं डबकं. बाबा शिडीवरून उतरले, कोणाचं ऐकलं नाही. बोट बुडवून जिभेला लावलं, मग मला लावायला लावलं. खारट.
रविवारी अमावास्या, पुनवेसारखीच मोठी भरती, त्याआधी पूल भरा म्हणाले. दिनेश म्हणाला टाइल्सवाला सोमवारी येतोय, आता भरला तर हळदीपर्यंत काम होणार नाही. आवाज चढले. मी मध्ये बोलायला हवं होतं. भीती वाटली म्हणून बोलले नाही, दुसरं काही कारण नाही. रात्रभर झोप नाही.

२७ एप्रिल, रविवार. अमावास्या
झालं ते क्रमाने लिहिते.
सकाळी साडेअकराला पहिली टाइल उडाली. फटाक्यासारखा आवाज. मग दुसरी. मग सलग. आम्ही सगळे काठावर. तळाला मधोमध फुगवटा आलेला, भाकरी फुगते तसा. बाबांच्या खोलीतल्या देव्हाऱ्यातली घंटी आपोआप हलली, सायलीने काठावरून खिडकीतून पाहिलं.
बाबा पहार घेऊन खाली उतरले. दिनेश मागे. बाबा वाकून भोक शोधत होते, टाइल्सवर हात फिरवत. कुठाय, कुठाय, एवढंच म्हणत होते. त्यांना ते सापडणारच नव्हतं.
मी उतरले. चौथ्या रांगेतल्या टाइलवर पाय ठेवला. म्हटलं, "इथे. मी बुजवलं."
दिनेश माझ्याकडे बघत राहिला. बाबांनी बघण्यात वेळ घालवला नाही. पहिल्या दोन घावांत टाइल, मग दिनेशने पहार घेतली. सातव्या-आठव्या घावाला पाणी कमरेएवढं उसळलं, काळं, खाडीच्या वासाचं. आम्ही तिघं त्यात उभे. हळूहळू फुगवटा बसला.
वर आल्यावर बाबा मला एवढंच म्हणाले, "आदी सांगायचं ना." रागावले असते तर बरं झालं असतं.

३० एप्रिल, बुधवार
पूल भरला. भोकाला नवं झाकण, भेगेला मसाला. टाइल्स जुन्याच, मध्ये टक्कल पडल्यासारखं. हळदीत फुलं सोडू वर, सायली म्हणाली. शहाणी आहे पोर.
बाबांच्या खोलीचं दार लागत नाही. चौकट तिरकी झाली आहे. भिंतीला खालपासून छतापर्यंत भेग, पूलच्याच बाजूला.
दिनेशच्या ओळखीचे एक इंजिनीअर येऊन गेले. भेगेवर आडवी कागदाची पट्टी चिकटवली, दोन्ही टोकांना खळ, त्यावर तारीख घातली. पट्टी शाबूत तर भिंत जागेवर. पट्टी फाटली तर त्या खोलीत एकाही माणसाने थांबायचं नाही, त्याच दिवशी खाली करायची. लग्नानंतर खोली पाडून नीट बांधू म्हणाले.
पट्टीवर लक्ष ठेवायचं काम दिनेशने मला दिलं. सगळ्यांसमोर. म्हणाला, मोजमापाचं काम हिचंच. टोमणा होता की विश्वास, मला कळलं नाही.

७ मे, बुधवार
पट्टी शाबूत. सकाळ-संध्याकाळ बघते. क्लोरीन ठीक. पूल दिवसाला अर्धं बोट उतरतो. म्हणजे अजून थोडं जातंय. दिनेशला सांगितलं. त्याने मान हलवली आणि मांडववाल्याचा फोन घेतला.
देवक बाबांच्या खोलीतच बसणार. देव तिथे, कुळाचा टाक तिथे, दिनेशच्या लग्नात देवक तिथेच होतं. आणि हळद लागली की नवरी उंबरा ओलांडत नाही, देवकापाशीच बसते. म्हणजे सायली आख्खी दुपार त्या खोलीत. तिच्या मैत्रिणी, आत्या, बाळगोपाळ. बाहेर पूलच्या काठावर नाचणारे.
देव हलवता येतील का, बाबांना विचारलं. देव्हाऱ्यातली वात सरळ केली. म्हणाले, "पट्टी काय सांगते त्याच्यावर."

१० मे, शनिवार
पाहुणे यायला लागले. पट्टी शाबूत. दिवसातून चार वेळा बघते आता. सलीमभाई शेवटची साफसफाई करून गेले. जाताना म्हणाले, भाभी, परसों पूनम है. मला माहीत आहे. बाबांच्या हिशेबाने भरती दुपारी बाराच्या पुढे. भटजींनी हळदीची वेळ साडेअकरा दिली आहे.

११ मे, रविवार
सकाळी देवक आणलं. आंब्याच्या डहाळ्या, सूप, तांदूळ. खोली धूप आणि हळदीच्या वासाने भरून गेली. सायली बाबांच्या खाटेवर बसून मेंदी वाळवत होती, दोन्ही हात पसरून. बाबा तिला पाणी पाजत होते. किती दिवसांनी हसताना पाहिलं त्यांना.
दुपारी एक वाजता सगळे जेवायला बसले तेव्हा आत गेले.
पट्टी फाटली आहे. बरोबर मधोमध, भेगेवरून. दोन टोकांत नखाएवढं अंतर.
अजून कोणी पाहिलेलं नाही. समोर तोरणाचा ढीग ठेवलाय, मीच सरकवला. का सरकवला, माहीत नाही.
बाहेर दिनेशने हाक मारली, सगळ्यांसमोर, मोठ्याने: पट्टीचं काय? मी म्हटलं, येते सांगायला.
कपाटात खळीची बाटली आहे. इंजिनीअरांनी जादा दिलेल्या दोन पट्ट्या आहेत. तारीख घालायला पेनही हेच, ज्याने लिहितेय ते. दिवाळीतही असंच होतं. पाच मिनिटांचं काम, कोणाला कळणार नव्हतं.
बाबा दारात येऊन उभे राहिलेत. तोरणांच्या ढिगाकडे बघतायत.