धाकट्या भाऊजींकडचे सहा आकडे

अहो,

ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याची नोंदणी आता इतकी सोपी झाली आहे की माणसाला काहीच करावं लागत नाही. म्हणून मी आज तिसऱ्यांदा रजा टाकून आईंना केंद्रावर घेऊन गेले आहे. तुम्हाला उठवलं नाही. सकाळी सकाळी वाद नको होता.

अडलंय ते ओटीपीवर. आई धाकट्या भाऊजींकडे राहत होत्या तेव्हा भाऊजींनी नोंदणीत स्वतःचा नंबर दिला होता, त्यामुळे ते सहा आकडे त्यांच्याच मोबाइलवर जातात. नंबर बदलायचा तरी ओटीपी तिकडेच. कार्ड झालं नाही तर सोमवारी आईंचं ऑपरेशन होणार नाही.

मी काल भाऊजींशी बोलले. म्हणाले, "देतो ना वहिनी, पण दादाने स्वतः मागायचे."

तेव्हा अकरा वाजता फोन करा, आकडे घ्या आणि मला कळवा. जागेचा विषय काढू नका. ओटीपी दहाच मिनिटं टिकतो, तुमचं भांडण बरंच टिकाऊ आहे.

आईंना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं, मशीन बिघडलंय.

आणि धाकटा साधा फोनही करत नाही, असं तुम्ही सगळ्यांना सांगत असता. रात्री पाहिलं, त्यांचा नंबर तुमच्याच मोबाइलवर ब्लॉक आहे.