शिडाची दोरी

आबा, तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली. काल रंकाळ्यावर शिडाच्या होड्या उतरल्यात असं कळलं म्हणून बघायला गेले, आणि परत येऊन हे लिहायला बसले. तुमच्याशी बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत होते.

नौदलातून निवृत्त झालात आणि वर्षभरात ती होडी घेतलीत. आई म्हणाली, "घरात मिक्सर न्हाय आन् ह्यांला होडी." दर रविवारी सकाळी दादाला आणि मला तलावावर न्यायचात. दादाला पाण्याची भीती. तो शेंगा खात काठावर बसायचा. सुकाणू माझ्याकडे. वारं येण्याआधी पाण्यावर काळपट सुरकुती उठते, ती तुम्हीच दाखवलीत. "नुसतं बघू नको, मानंला कसं लागतंय ते वळख," म्हणायचात. मी तेरा वर्षांची आहे, शीड भरलंय, तुम्ही गप्प बसलाय. तुम्ही गप्प म्हणजे माझं बरोबर चाललंय.

मग तलावावर शर्यत ठरली. आदल्या दिवशी जेवताना तुम्ही वर न बघता म्हणालात, "उद्या दादा बसंल. तू मोठी झालीस आता, काठावर सगळं गाव गोळा हुतंय."

दादा म्हणाला, "आबा, मला येत न्हाय की."

"येतंय."

आईनं न विचारताच माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पहिल्याच वळणावर होडी उलटली. घाबरून दादानं शिडाची दोरी खुंटीला गच्च बांधून टाकली होती. जोराचं वारं आलं तेव्हा शिडाला ढील द्यायला ती सुटेना. तुम्ही पोहत जाऊन त्याला बाहेर काढलंत. लोकांनी विचारलं तेव्हा म्हणालात, "पोरीनं बांधलीती दोरी. सांगून कळत न्हाय तिला." मी तुमच्या मागेच उभी होते. त्या दिवशी मी होडीला हातही लावला नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं. महिन्याभरात होडी विकलीत. दादानं पुढे माझी माफी मागितली. तुम्ही त्या दिवसाचं नावही काढलं नाहीत.

शेवटच्या आजारपणात तुमचं सगळं मीच केलं. लोक अजून माझं कौतुक करतात. एका दुपारी, खिडकी बंद असताना, तुम्ही विचारलंत, "वारं हाय का गं? असलं तर तलावावर नेतीस?" मी म्हटलं, "न्हाय आबा, पानसुद्धा हलत न्हाय." तुम्ही कुशीवर वळलात, पुन्हा विचारलं नाहीत.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी वारं चांगलं होतं.