तीन कापीचा हात

६ जाने., मंगळ.
नवा शाईपेन लिहीतच नाय. सकाळपासून झटकतोय. भिंतीवर शाई, कागदावर काही नाही. ताईच्या शाळेत गॅदरिंगच्या सर्टिफिकिटांवर पोरांची नावं घालायचीत, शाईपेननंच, मोठ्या बाईंचा हट्ट. ताई तिथं शिपाई. माझ्यासाठी शब्द टाकून आली. "अक्षर तेवढं बरंय तुझं. या टायमाला पळालास तर मला तिथं तोंड दाखवायला जागा नाय." शुक्रवारी नमुना द्यायचा.

७ जाने.
मोबाईलवर बघून पेन धुतला. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब. नव्या पेनात कारखान्याचं तेल राहतं म्हणे. वाळत ठेवला, पाच मिनिटं खाली उतरलो, तर कोपऱ्यावर सलीम. टेम्पो घेऊन दौलताबादला निघालेला. गेलो. आलो ते दिवे लागल्यावर. शनिवारी तो नांदेडला चाललाय. "चल ना यार, चार दिन घूम के आते." बघू म्हणालो.
पेन: पहिली ओळ झकास. दुसरीत एका रेघेच्या दोन रेघा, मधे पांढरं. मग बंद.

८ जाने.
गुलमंडीवर पेनवाले चाचा. पेन राहिला बाजूला, आधी माझा लिहिलेला कागद मागितला. उलटा करून मागून बोट फिरवलं.
"कायकू इत्ता दबाते? पैले क्या काम करते थे?"
वाळूजला कंपनीच्या गेटवर गेटपास लिहायचो. कार्बन घालून तीन कापी. जोर नाय लावला तर तिसरी उमटत नव्हती, मग सुपरवायझर बोंबलायचा. आठ म्हैने. आतापर्यंत सगळ्यात जास्त टिकलेलं काम.
चाचा हसले. "पेन अच्छाच है. हात तीन कापी का है." भिंग लावून निबाची फाकलेली टोकं नखानं जवळ आणली. वर पतंगाच्या कागदाचा गठ्ठा दिला. उशीवर ठेवून लिहायचं. फाटला म्हणजे दाबलं.

९ जाने., शुक्र.
सकाळी अकरा कागद फाडले. बाराव्यावर 'ताई' एवढं धड उमटलं.
शाळेत मोठ्या बाईंनी कोरं सर्टिफिकीट पुढं केलं. "सानिया शेख, लिहा." सानिया नीट गेली. 'ख'ला हात आपोआप जड झाला, रेघ फाकली. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं.
"चालेल. अजून सव्वीस आहेत. उद्या आठला या, इथंच बसून लिहा."
ताई दाराशी उभी होती. जिन्यात एवढंच म्हणाली, "उद्या डबा दोघांचा आणू का?"
व्हय म्हणालो.
घरी आलो तर सलीमचा मेसेज. सकाळी सहाला निघतोय, चौकात थांब.
उत्तर दिलं नाय अजून. पतंगाचा एक कागद उरलाय. आधी त्याच्यावर लिहून बघतोय. 'सलीम,' इथवर आलो. फाटला नाय.