हिमघुबडाखालचं दुसरं नाव

१७ मे
बोटीत उलटी झाली नाही. बाकी जीव टांगणीला. नूपसा बेट दिसू लागलं तशी दुर्बीण काढली — कड्यावरच्या पक्ष्यांवर नाही, ओस्लाच्या घरावर लावली. धुराड्यातून धूर येत होता. आहे म्हणजे.
आम्हा दोघींना बोलून एकतीस वर्षं झाली. म्हणे पक्षी बघायला आले! पफिन मला माझ्या गावाच्या कड्यावरही दिसतात.

१८ मे
पाऊस. तिच्या दारावरून दोनदा गेले. पाय आत वळेनात.
झालं होतं एवढंच — ९४ साली वॉर्ड डोंगरावर मला लांबून हिमघुबड दिसलं. ओस्ला मागे राहिली होती. संध्याकाळी शाळेच्या खोलीत पक्षी बघणाऱ्यांची रोजची हजेरी. एकाने पक्ष्याचं नाव घ्यायचं, ज्याने जितके पाहिले तितके त्याने सांगायचे, ते वहीत उतरायचे. सगळा कारभार शब्दावर. "दुसरं कोणी पाहिलं?" असं वहीवाल्याने विचारलं. मी ओस्लाकडे बघितलं. ती म्हणाली, "मी नाही पाहिलं."
खोटं नव्हतं ते. पण माझ्यासारख्या मासळी साफ करणाऱ्या बाईला त्या शिकलेल्या लोकांत पहिल्यांदाच मान मिळत होता. माझ्या नावापुढे प्रश्नचिन्ह पडलं. मी दोन दिवसांनी बोट धरली, ती थेट आता परत आले.

१९ मे
हजेरीला गेले. वही हल्ली लॉरेन्स पोस्टमन वाचतो. मला बघून म्हणाला, "बाबीमावशी, तुमचं घुबड पक्कं झालं की मार्चमध्ये."
जुनं पान उघडून दाखवलं. प्रश्नचिन्ह खोडलेलं. माझ्या नावाखाली वाकडीतिकडी अक्षरं — ओस्ला. दुसरी साक्षीदार.
सगळ्यांनी बाकं बडवली.

२० मे
गेले एकदाची. ओस्लाने दार उघडलं आणि माझ्या कानाशेजारी बघत राहिली.
"कोण?"
"मी."
"बूट पूस. अजून माशाचा वास येतो तुला."
डोळ्यांचं मधलं सगळं गेलंय तिच्या. कडेकडेचं तेवढं दिसतं. तरी म्हणाली, वर जाऊ. माझ्या दंडाला धरून चढली. बोंक्सी पक्षी डोक्यावर झेपावायला लागले तशी मी काठी उंच धरली.
"टिटव्या किती?"
"चार."
"नीट मोज. घाईची सवय तुझी."
मी बघायचं, तिने लक्षात ठेवायचं. आतून भरून येत होतं. इतकी वर्षं ह्याच्यासाठीच तर झुरले मी, घुबडासाठी कुठे!
वर टेकल्यावर ती म्हणाली, "दर मे महिन्यात इथे येऊन बसायचे, बाबी. एकदा घुबड दिसलं असतं तर खऱ्या तोंडाने नाव लिहिलं असतं. फेब्रुवारीत डॉक्टर म्हणाले, डोळे आता सुधारायचे नाहीत. मग तुझ्या शब्दावर लिहून टाकलं. जन्मातलं एकच खोटं. चाललं ना?"
मी म्हटलं, "गारठा वाढलाय. खाली जाऊ."

२१ मे
तिने मटणाचं सूप केलं होतं, खास माझ्यासाठी. मी वाटी तशीच ठेवून उठले.

२२ मे
घुबड नव्हतंच ते.
त्या वेळी दुसऱ्याच दिवशी मी एकटी वर गेले होते. खडकाला मेंढीची झडलेली लोकर अडकली होती, वाऱ्याने मान वळवल्यासारखी हलत होती. ती खिशात घातली आणि खाली आले. ह्या रोजनिशीलाही कधी सांगितलं नव्हतं.
आज ओस्लाला सोबत घेऊन हजेरीला गेले आणि उठून सांगितलं. आधी तिचं नाव खोडायला लावलं, मग माझं.
ओस्लाने माझ्या दंडावरचा हात काढून घेतला. कुंपण चाचपत एकटीच घरी निघाली. मी दहा पावलं मागे. ती आत गेली. दार लोटलं नाही.