जाळरेषेची सूट

बाबा,

नव्या नियमांचा मसुदा सोमवारी आला. हवेच्या गुणवत्तेबद्दल आहे, दिल्ली आणि आजूबाजूच्या सगळ्या जिल्ह्यांसाठी. हरकती आणि सूचना पाठवायला मुदत दिली आहे. मला नोकरीतून मोकळं होऊन काही वर्षं झाली, पण जुन्या ओळखीचा एक संपादक अजून अधूनमधून लेख मागतो, तसा त्याने यावरही मागितला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत, आठशे शब्द. मसुदा मी शेवटाकडून वाचायला घेतला, कारण सवलती शेवटी असतात हे तुम्हीच शिकवलं होतंत. उघड्यावर पालापाचोळा, गवत, कचरा, काहीही जाळायला बंदी. आणि त्याखाली, वनखात्याने उन्हाळ्याआधी आग रोखण्यासाठी आखलेले पट्टे जाळले तर ही बंदी लागू नाही. किती दिवस आधी कळवायचं, वारा असला तर काय करायचं, जवळच्या वस्तीला कुणी सांगायचं, सगळं आहे. तुम्ही पूर्वी लिहिलेल्या मसुद्यात होतं, जवळजवळ तसंच. तुमचं ते उपकलम माझ्या बातमीमुळे गेलं होतं. आता परत आलं आहे. वाचल्यावर काहीतरी वाटेल म्हणून मी थोडा वेळ खुर्चीत बसून राहिले. काही वाटलं नाही. मग उठून चहा केला.

आरके पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला दारात थांबावं लागायचं. तिसरे तुम्ही. ऑफिसचे कागद घरी आणणं नियमात बसत नाही म्हणून तुम्ही कधी एक चिठोरंही आणलं नाहीत, पण मसुदा डोक्यात घेऊन यायचात. आई कणीक मळत असायची, नाहीतर पहाडगंजच्या शाळेतल्या वह्या ओट्याच्या टोकाला ठेवून तपासत असायची, आणि तुम्ही दाराला टेकून एकेक कलम तिला मराठीत सांगायचात. तुमचं म्हणणं असं, की नियम राबवणारा इन्स्पेक्टर काही इंग्रजीचा पंडित नसतो. हिला मराठीत कळलं तर त्याला कशातही कळेल. मग विचारायचात, "आता सांग, कशाकशाला बंदी आहे?" आई मास्तरीणच, ती उलटतपासणी घ्यायची. कितीतरी नियम त्या दारातून दुसऱ्या दिवशी बदलून ऑफिसला गेले असतील. मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं, आणि माझ्या मैत्रिणींचे वडील संध्याकाळी टीव्ही बघतात याचा हेवा वाटायचा.

त्या वर्षी थंडीत धुक्यात धूर मिसळून दिवसचे दिवस सूर्य दिसला नव्हता, आणि मंत्रालयात तुमच्या सेक्शनकडे दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी जाळण्याच्या बंदीचे नियम लिहायला आले होते. जानेवारीतल्या एका रविवारी तुम्ही स्कूटर काढलीत आणि मला म्हणालात, चल, सुट्टी आहे तर एक गोष्ट दाखवतो. मेहरौली मागे टाकून आपण गुडगावच्या बाजूला जातो. दोन्हीकडे मोहरीची शेतं, आणि शेताच्या मधोमध पोहण्याच्या तलावाचं चित्र असलेलं भलंमोठं होर्डिंग. पलीकडे क्रेन, अर्धवट उभे मजले. त्या मजल्यांच्या अगदी मागे टेकडी, किकरची काटेरी झाडं आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. तिथे एक वनरक्षक चार मजुरांना घेऊन गवताचा पट्टा जाळतो आहे, रस्त्याएवढा रुंद, टेकडीला वळसा घालणारा. मफलर कानावरून गुंडाळलेला, हातात हिरवी डहाळी, ज्वाळा पट्ट्याबाहेर सरकली की फटका मारायचा. धूर पांढरा, जमिनीलगत पसरलेला. तुम्ही नाकाला रुमाल लावून त्याला प्रश्न विचारता. तो म्हणतो, "बाबूजी, अभी ये आग घुटने तक है, चप्पल से बुझा लो. मई में यही किकर के सिर पर चढ़ेगी, फिर किसी के बाप से नहीं बुझेगी." मध्ये जळून काळा झालेला पट्टा असला की उन्हाळ्यातली आग तिथवर येऊन थांबते, पुढे खायला काही नसतं, असं त्याने तुम्हाला काठीने जमिनीवर काढून दाखवलं. तुम्ही म्हणालात, आमच्या विदर्भात याला जाळरेषा म्हणतात, लहानपणी पाहिली होती. त्याने निखाऱ्यांत भाजलेली रताळी आपल्याला दिली. मला विचारलं, "मैडम, आप भी सरकार में?" मी म्हटलं, अखबार में. "तो लिख देना जी. हर साल कोई न कोई शिकायत कर देता है कि जंगल वाले धुआँ करते हैं." मी मान हलवली. परतताना, स्कूटरवर, तुम्ही मान मागे वळवून ओरडलात, "किसी के बाप से नहीं, हे मसुद्यात कसं घालू गं?" आणि आपण दोघं हसलो.

पंधराएक दिवसांनी ते कलम स्वयंपाकघरात आलं.

"उघड्यावर काही जाळायचं नाही," तुम्ही म्हणालात.

"म्हणजे होळी बंद?"

"होळी सोडून."

"आणि गेटवरचा म्हातारा थंडीत टायर जाळून बसतो तो?"

"टायर तर बिल्कुल नाही. लाकडाची शेकोटी चालेल."

"लाकूड तुम्ही देणार आहात का त्याला? अच्छा, पुढे."

"पुढे, वनखात्याने आग लागू नये म्हणून थंडीत पट्टे जाळले तर त्यांना सूट."

आईने लाटणं थांबवलं. "आग लागू नये म्हणून आग लावायची. आणि लोकांनी पानंसुद्धा जाळायची नाहीत. वा! सरकार खरं तुमचं."

तुम्ही हसून तिला जाळरेषा समजावून सांगितलीत. दोनदा सांगितलीत. मी तिथेच होते, फ्रीजला टेकून, पोळीचा तुकडा खात.

मी तेव्हा वर्षभराची वार्ताहर होते आणि माझी एकही बातमी पहिल्या पानावर आली नव्हती. त्या आठवड्यात शहराच्या हवेवर रोज काहीतरी हवं होतं. मुख्य वार्ताहराने दुपारी विचारलं, "तेरे पास क्या है?" आणि मी म्हटलं, नव्या नियमांत सरकारने स्वतःच्याच खात्याला धूर करायची सूट दिली आहे. तो खुर्चीत सरळ बसला. मी दुसऱ्या एका अधिकाऱ्याला फोन करून खात्री करून घेतली. तो म्हणाला, है तो सही, मेरा नाम मत डालना. पान साडेसातला छपाईला जायचं होतं, मी सहालाच कॉपी दिली. पहिलं वाक्य आईचं होतं, इंग्रजीत केलेलं. जाळरेषा म्हणजे काय हे त्यात कुठेही नव्हतं. पुढे कुणी विचारलं तर मी सांगत आले की ते डेस्कवरच्या उपसंपादकांनी कापलं. डेस्कने काही कापलं नव्हतं. ते समजावून सांगितलं असतं तर बातमी उरत नव्हती, आणि हे मला टाइप करतानाच दिसत होतं.

सकाळी तुम्ही बाल्कनीत उभ्याने पेपर वाचलात. मी दात घासत होते. तुम्ही आत आलात, चष्मा काढलात.

"हेडिंग तुझं?"

"नाही, डेस्कचं."

"आणि आतलं?"

"माझं."

"बरं लिहिलंयस. वाक्यं छोटी आहेत."

एवढंच. मग तुम्ही बूट घातलेत आणि बसला गेलात. आईने मात्र पेपर वाचून झाल्यावर तो घडी घालून माझ्या पुढ्यात ठेवला. "माझं वाक्य चोरायचंच होतं तर बाबांचं उत्तरही चोरायचं होतंस," म्हणाली. त्या दिवशी तिने माझा डबा भरला नाही.

नव्या सोसायट्यांतून पत्रं आली, वर बैठक झाली आणि उपकलम निघालं. बंदी उरली, सरसकट, कुणालाही सूट नसलेली. मसुदा बाहेर कसा गेला याची तुम्हाला लेखी विचारणा झाली, हे मला फार नंतर आईकडून कळलं. कागद बाहेर गेला नव्हता, तुम्ही सरळ नाही म्हणू शकला असतात. तुम्ही लिहून दिलंत की मसुद्याची चर्चा आपल्याकडून घरात झाली. मग निवृत्तीपर्यंत तुम्ही जुन्या फायलींच्या विभागात बसलात, कोणती ठेवायची आणि कोणती नष्ट करायची ते ठरवत. स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही पुन्हा उभे राहिला नाहीत. आई कधी कधी मुद्दाम डिवचायची, "काय, आज काय बंद केलं सरकारने?" तुम्ही म्हणायचात, "काही नाही. आमटीत मीठ कमी आहे."

दोन हिवाळे टेकडीवर पट्टे जळले नाहीत. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, दुपारी आग लागली. मी तोपर्यंत वार्ताहर राहिले नव्हते, डेस्कवर गेले होते. टेकडीवर आग, एक वनरक्षक भाजला, सोसायट्यांना धोका नाही, अशी बातमी माझ्याकडेच आली. त्या दिवशी ऐनवेळी फ्लॅटची एक जादा जाहिरात आली होती, त्यामुळे जागा चार ओळींची होती. मी चार ओळींत बसवली. नाव बसलं नाही. नाव वाचलं असतं तरी मला कळलं नसतं, कारण त्या रविवारी मी त्याचं नाव विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलं होतंत.

तुम्ही तिसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात बघायला गेलात. घरी आलात, हातपाय धुतलेत, जेवायला बसलात. मी वाढत होते. आईने विचारलं, कसा आहे. तुम्ही म्हणालात, "तोंड आणि हात. डोळे ठीक आहेत. ओळखलं मला." भाताचा घास घेतलात. मग म्हणालात, "विचारत होता, बाबूजी, वो कागज़ कब आएगा." जाळायची परवानगी देणारा कागद. पट्टे का जाळायचे नाहीत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वरून कागद यायचा राहिला आहे एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि त्याला वाटत होतं तो तुमच्याकडे अडला आहे. आईने विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "सांगितलं, येईल." मी आमटीचं भांडं धरून उभी होते. तुम्ही ताट थोडं पुढे केलंत, मी वाढली. त्यानंतर चार दिवसांनी तो गेला. मला रडू आलं नाही. मला वाटलं, नंतर येईल.

तुम्ही मला त्याबद्दल कधी काही बोलला नाहीत. द्वारकेला राहायला आल्यावर आपण रोज सोसायटीच्या बागेत चकरा मारायचो, तेव्हा चिक्कार वेळ होता. माळी पानं गोळा करून पोत्यात भरायचा, जाळायचा नाही, तुम्ही त्याला थांबून "बहुत अच्छा" म्हणायचात. मला दरवेळी वाटायचं की आता काढतील विषय, आणि तुम्ही मेट्रोचे खांब कुठवर आले ते विचारायचात. मीही काढला नाही. मग एका सकाळी तुम्ही उठलाच नाहीत, आणि नंतरच्या हिवाळ्यात आई गेली. दोन्ही वेळा मी काय करायला हवं त्याची यादी केली आणि ती पूर्ण केली.

हे लिहिते आहे कारण हे कुठे पाठवायचं नाही. लेख काल पाठवला, वेळेआधी. उपकलमाच्या बाजूने लिहिला आहे. जाळरेषा म्हणजे काय ते पहिल्या दोन परिच्छेदांत नीट सांगितलं आहे, तुम्ही आईला सांगितलं होतंत त्याच क्रमाने. टेकडीवरच्या आगीत गेलेल्या माणसाबद्दलही लिहिलं आहे. हीच सूट पूर्वी एकदा मसुद्यात होती, मग ती का काढली, हेही लिहिणं भाग होतं. तिथे मी लिहिलं, त्या वेळी एका वृत्तपत्राने तिला पळवाट म्हटलं होतं. संध्याकाळी संपादकाचा फोन आला. लेख आवडला म्हणाला. विचारत होता, हे कुठलं वृत्तपत्र, कुणाची बातमी होती, घालायचं का नाव. मी म्हटलं, राहू दे, फार जुनी गोष्ट आहे, आता कुणाला आठवणार.